नाना सरांचं लोणी

दादासाहेबांचा विनोद संपायच्या आत नाना सर हसून मोकळे व्हायचे. दादासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. एका पंधरा ऑगस्टला ते इतकं लांबण लावून बोलले, की दोन पोरं चक्कर येऊन पडली. नाना सर पुढे होऊन म्हणाले, "साहेब, आज फारच थोडक्यात आटोपलंत." शिक्षकखोलीत त्यांच्या माघारी सगळे त्यांना लोणी सर म्हणत. मीही म्हणायचे.

मला त्यांचा रागच यायचा. फैजपूरकडच्या त्या शाळेत मी शिक्षणसेविका होते आणि नाना सर आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. गणित असं शिकवायचे, की घंटा झाली तरी पोरं उठत नसत. असल्या माणसाने अध्यक्षांच्या गाडीचं दार उघडायला धावावं? एकदा मी तोंडावर विचारलंच. ते मूळचे धुळ्याकडचे; मनातलं बोलायचं तर अहिराणीतच. "हासाले काय लागस, ताई? दात तं आपलाच शेतस," एवढंच म्हणाले; हसायला पैसे थोडेच पडतात, दात तर आपलेच आहेत. जूनमध्ये मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी होणार होती. हक्क त्यांचाच होता, पण आमच्याकडे हक्कही दादासाहेबांच्या मर्जीनेच मिळायचा.

त्या हिवाळ्यात माझी शिक्षणसेविकेची तीन वर्षं भरत आली. मला कायम करण्याचा प्रस्ताव संस्थेने शिक्षण खात्याकडे पाठवायचा असतो. तो पाठवायचा नाही, असं दादासाहेबांनी ठरवलं होतं, कारण माझी जागा त्यांच्या भाचीला हवी होती. घरात कमावती मी एकटीच.

तशात दादासाहेबांच्या मळ्यात भरीत पार्टी निघाली. जाणं भागच होतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची वांगी भाजून झाली. दादासाहेब स्वतः लाकडी बडगीत ती ठेचत होते आणि भोवती अर्धा गाव जमलेला. एवढ्यात नाना सर उभे राहिले. आता आणखी काय ऐकायचं, म्हणून मी मान खाली घातली.

"मंडळी, दादासाहेब स्वतःच्या तोंडाने कधी सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगतो. सख्खी भाची दारात उभी असताना त्यांनी आपल्या या ताईंना कायम करायचं ठरवलंय. एवढं मोठं मन दुसऱ्या कुणाचं असेल?"

ठेचणारा हात थांबला. दादासाहेब नाना सरांकडे बघत राहिले, नाना सर हसत राहिले. मग मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी टाळी वाजवली आणि सगळा मळा टाळ्या वाजवू लागला. दादासाहेबांना हात जोडावेच लागले.

परतताना एसटीत नाना सर म्हणाले, "हरभराना झाडवर चढेल मानूस सोता खाले उतरत नही, ताई." पण बोलताना हसले नाहीत. पुढे काय होणार, ते त्यांना ठाऊक होतं.

माझा प्रस्ताव गेला. जूनमध्ये मुख्याध्यापकाच्या खुर्चीत दुसरेच बसले आणि नाना सरांची बदली साक्रीकडच्या डोंगरातल्या शाखेत झाली. आयुष्यभर जपलेलं सगळं त्यांनी माझ्यापायी एका दुपारी घालवलं. निरोपाला शिक्षकखोलीतलं कुणी दारापर्यंतही आलं नाही. दादासाहेबांना कळलं तर? मी स्टँडवर गेले आणि भर गर्दीत त्यांच्या पाया पडले.

खात्याची मान्यता आली, तेव्हा पहिला फोन त्यांनाच केला. ते म्हणाले, "आते दादासाहेबना घर पेढा लई जा. आनी हासत जा, बरं."

मी गेले. "साहेब, हे फक्त तुमच्यामुळे," असं हसून म्हणालेही. बाहेर आले आणि भर रस्त्यात रडू फुटलं. हे ज्यांच्यामुळे झालं, त्यांचं नावसुद्धा मला त्या घरात घेता आलं नव्हतं.