कुलूप काढण्याआधी

मी लिहायला बसलोय खरा, पण त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर अर्जांशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. पण काही आभार मनात राहून गेलेत.

कॉम्प्युटरमधल्या सगळ्यात आतल्या प्रोग्रॅमला कर्नल म्हणतात. आम्ही शिकतो त्या कर्नलचा कोड कुणालाही वाचता येतो. वाचताना मला एक जागा दिसली. तिथे सारखं एका यादीचं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, घेतलं जायचं, आत बघितलं जायचं आणि बहुतेक वेळा यादी रिकामीच निघायची. तेवढा वेळ बाकीची कामं त्या लॉकसाठी खोळंबायची. मी दोन ओळी घातल्या: आधी बाहेरूनच बघ, रिकामी असेल तर लॉक घेऊ नकोस.

असा बदल मेलने पाठवतात. मी तो शाळेतल्या अर्जासारखा पाठवला. 'आदरणीय महोदय, वरील विषयास अनुसरून' पासून 'आपला नम्र' पर्यंत, फक्त इंग्रजीत. तो भाग सांभाळणाऱ्या एक परदेशी बाई निघाल्या. 'महोदय' त्यांनी मनावर घेतलं नाही. एवढंच विचारलं: तू बघून झाल्याबरोबर यादीत काही आलं तर? याचं उत्तर नसेल, तर बदल घेता येणार नाही.

उत्तर शोधत मी तोच कोड पुन्हा पुन्हा वाचला. दोन दिवस जेवण गेलं नाही. वडील कसबा बावड्याला एका गोदामात कामाला आहेत. त्यांनी विचारलं तेव्हा जमेल तसं सांगितलं.

"मग आमी काय करतो?" ते म्हणाले. "किल्ली एकच, तिच्यासाठी दुसरीबी उभी असत्यात. मी आधी जाळीतनं बघतो. पोती न्हाईत, तर कुलूप कशाला काढू?"

"पण तुम्ही वळलात आणि मागच्या दारानं कुणी पोतं टाकलं तर?"

"टाकू दे की! पुढच्या फेरीला दिसंल. पोतं काय पळून जातंय व्हय? येवढं शिकून ह्येच अडलं हुतं?"

आई हसायला लागली. मी ताटावरून उठून कोड उघडला. आमच्या यादीलाही पुढची फेरी होतीच, आणि ते काम जरा उशिरा झालं तरी बिघडणार नव्हतं. तेच लिहिलं, बदलाआधी आणि नंतर कामं किती वेळ खोळंबतात त्याची मोजणी जोडली आणि पाठवलं.

उत्तर आलं: 'अप्लाइड, थँक्स.' माझ्या लेखी अप्लाय म्हणजे अर्ज करणे. स्कॉलरशिप, हॉस्टेल, बसचा पास, सगळीकडे तोच अर्थ. मला वाटलं, अर्ज पोचला म्हणताहेत. वडील रोज विचारायचे, "काय म्हणत्यात बाई?" मी सांगायचो, "अर्ज पोचलाय."

नऊ दिवसांनी लॅबमधल्या मॅडमना ती मेल दाखवली आणि विचारलं, आठवण करून देऊ का?

"कसली आठवण? अरे, अप्लाइड म्हणजे तुझा बदल त्यांनी कोडमध्ये लावला. नऊ दिवस झाले की!"

मी जिन्यात येऊन वडिलांना फोन लावला. म्हटलं, "घेतलं त्यांनी. जाळीतनं बघायचं, ते घेतलं."