जन्मस्थळ : वाटेत

चौथीच्या मुलांना मी परिसर अभ्यास शिकवतो. गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे फळ्यावर एकात एक गोल काढतो आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. माझी स्वतःची मुलगी यातल्या कुठल्या गोलात जन्मली, ते मात्र मला सांगता येईना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! २०१९मध्ये तिला शाळेत घालायचं होतं आणि शाळेनं जन्माचा दाखला मागितला. तो नव्हताच. मला वाटत होतं बाबांनी नोंद केली, बाबांना वाटत होतं मास्तर माणूस आहे, त्यानं केली असेल. दाखल्याशिवाय प्रवेश नाही, असं शाळेनं स्वच्छ सांगितलं.

ती झाली २०१४च्या उन्हाळ्यात. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पावसाळ्यात पालघर जिल्हा झाला आणि घरातलं भांडंही न हलवता आम्ही सगळे दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलो. ते अंगवळणी पडतंय तोवर आमच्या तालुक्याच्या ठिकाणची, तलासरीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. नगर म्हणायचं आणि वर पंचायतही म्हणायचं, म्हणजे आम्ही समजायचं तरी काय? हायवेकडे पाठ करून चालू लागलात तर थोड्या वेळात शहर संपून भातखाचरं लागतात, आणि चौकशी केली तर कळतं की तीही शहरातच आहेत. सतरा वॉर्ड पाडले. कुडाच्या घरांना वॉर्ड मिळाला, ताडाच्या झाडांना मिळाला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझे वर्गातले गोल त्या काळात मी तीनदा पुसले.

आमचा पाडा ओहळाच्या अलीकडे, म्हणून तो अजूनही शेजारच्या ग्रामपंचायतीत. पलीकडे शहर. उन्हाळ्यात ओहळाला पाणी नसतं, तेव्हा शेजाऱ्याची म्हैस दिवसातून चारदा शहरात जाऊन येते. तिला कोणी दाखला विचारत नाही.

आधी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. तिथं म्हणाले, पाड्यावर जन्म झालेला नाही ना, मग दवाखाना ज्यांच्या हद्दीत आहे तिकडे जा. म्हणून नगरपंचायतीत. नोंदणीच्या टेबलावरच्या मॅडम शांत बाई होत्या.

"बाळ कुठं झालं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"गावात जाताना. रिक्षात."

"गावात? मग ग्रामपंचायतीकडे जायला हवं तुम्ही."

"तसं नाही मॅडम," मी मध्ये पडलो. "गावात म्हणजे बाजारात. आम्ही पाड्यावरचे लोक बाजाराला गाव म्हणतो."

"पण बाजार तर शहरात आहे."

"हो, पण त्याला गावच म्हणतात."

"मग शहर कशाला म्हणता?"

"वापीला," मी म्हणालो. वापी तर गुजरातेत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझं मलाच कळेना मी काय बोलतोय.

मग मी दवाखान्याचा जुना कागद पुढे केला. त्यावर 'वाटेत प्रसूती' एवढेच दोन शब्द होते. "दवाखान्याच्या दारातच झाली हो," मी सांगितलं. पाच वर्षं सगळ्यांना मी हेच सांगत आलो होतो. त्या दिवशी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी दुपट्यात झोपलेली होती, आणि वाटेत म्हणजे दारात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

"दारात नाही झाली," बायको म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, सोपं आहे. चालत्या गाडीत बाळ झालं, तर त्यानंतर गाडी पहिल्यांदा जिथं थांबली, ती हद्द धरायची. गाडी कुठं थांबली?"

"दवाखान्यात," मी म्हणालो.

"नाक्यावर," बायको म्हणाली. "चहाच्या टपरीपाशी."

माझा गोंधळ उडाला. "टपरीपाशी कशाला थांबवली?"

"तुम्हाला घ्यायला."

तेव्हा कुठे मला ती रिक्षा आठवली. टपरीवर आम्ही चार मास्तर बसलो होतो. नवा जिल्हा होणार, त्याचं ठिकाण जव्हार हवं की पालघर, यावर वाद रंगला होता आणि मी जव्हारच्या बाजूनं तावातावानं बोलत होतो. रिक्षावाला म्हणाला, "गुरुजी, चला, वहिनींना दवाखान्यात नेतोय." रिक्षाच्या मागच्या बाजूला ताडपत्री सोडलेली होती. आत बायको आणि सुईण आहेत, कळा सुरू झाल्यात, पहिलटकरणीला वेळ लागतोच, असा मी हिशेब केला. आणि बाकावरूनच म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच." आलो तो तासाभरानं.

"तेव्हा झाली होती?" मी बायकोला विचारलं.

"ओहळाच्या चढावरच झाली. नाक्यावर आलो तेव्हा माझ्या मांडीवर होती, पदराखाली."

"मग मला हाक नाही मारायची?"

"मारली. दोनदा मारली. तुम्ही बोलत होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. पाच वर्षांत तिनं हे एकदाही काढलं नव्हतं, आणि आता हद्द विचारली म्हणून सांगत होती.

"नाका आमच्याच हद्दीत," मॅडम म्हणाल्या. "चला, अर्ज इथंच होईल. उशिराची नोंद आहे, कोर्टाच्या आदेशासाठी एक फेरी पडेल, पण दाखला मिळेल." त्यांनी लिहायला घेतलं. "गाडी थांबली तेव्हा तिथं हजर असलेलं कोणी आहे का? साक्षीला एक नाव लागेल."

सुईण तर दोन वर्षांपूर्वीच वारली होती. रिक्षावाला रिक्षा विकून कुठं गेला, कोणाला ठाऊक नव्हतं. मी तेच सांगायला तोंड उघडलं.

"हे होते," बायको म्हणाली.

मॅडमनी माझं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. माझा हात काही पुढे होईना. बायकोनं पेन उचलून माझ्या बोटांत दिलं.

"करा सही," ती म्हणाली. "होतातच ना तुम्ही तिथं."