अंड्यांच्या खणातलं विरजण

जयंत खांबेटे गेल्याची बातमी मला कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्लांटला जाणाऱ्या बसमध्ये कळली. ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक चालले होते, मध्येच ती ओळ आली, आणि तिच्याखाली पुन्हा एक केक... वरचं न वाचताच टाकलेला. जयंतरावांनी हे पाहिलं असतं तर खो खो हसले असते. हृदयविकाराचा झटका, हॉस्पिटल, मग कागदपत्रं, मग नाशिक. इथे माणूस गेला की आधी सह्या आणि मग रडणं. आम्ही त्याच क्रमाने गेलो, आणि रडायचं तेवढं राहून गेलं.

अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये आम्ही शेजारी, प्लांटवर सहकारी. माणूस शिस्तीचा, खरं तर कटकट्याच. प्लांटच्या शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी तो बंद ठेवत तेव्हा, कॉम्प्रेसर तपासायला इटलीहून मार्को नावाचा तंत्रज्ञ यायचा. पहिल्या खेपेला त्याने आपल्या तुरीन गावाची मिठाई आणली. हेझलनट वाटून घातलेल्या चॉकलेटच्या, उलट्या होडीच्या आकाराच्या, सोनेरी कागदातल्या वड्या. डबा मांडीवर ठेवला तर बसभर वाटावा लागेल, म्हणून जयंतरावांनी तो बॅगेत घातला आणि बॅग बसच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ठेवली. ऑगस्ट महिन्यात! घरी पोचेपर्यंत सगळ्याचा एक गोळा झाला होता. शैलावहिनींनी कागद सोलले, गोळा तूप लावलेल्या ताटात थापला, गार केला आणि सुरीने वड्या पाडल्या. शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी त्या चॉकलेट बर्फी म्हणून खाल्ल्या. कुणीतरी वहिनींना कृती विचारली. त्यांनी ती सांगितलीसुद्धा.

जयंतरावांनी मार्कोला सगळं खरं सांगितलं. तो हसून बेजार झाला. मग त्याने त्या मिठाईची गोष्ट सांगितली, ती जयंतरावांनी परतीच्या बसमध्ये आम्हाला ऐकवली. "पूर्वी त्यांच्याकडे कोको मिळेना, म्हणून त्यांनी गावचे हेझलनट वाटून त्यात घातले. कळलं का? दाण्याचा कूट!" त्या दिवसापासून मार्को त्यांच्या घरचा झाला. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून वहिनींनी त्यात नाशिकचा चिवडा भरून दिला. पुढच्या खेपेला वड्या आल्या, चिवडा गेला... आणि तोच रिवाज पडला.

खांबेट्यांचं घर शाकाहारी. फ्रीजच्या दारातला अंड्यांचा खण रिकामाच असायचा, त्यात या वड्या ओळीने बसत. शेवटची मात्र कुणी उचलायची नाही. मी एकदा हात घातला तर ओरडलेच. "राहू दे! ते विरजण आहे. दही संपवताना चमचाभर मागे ठेवतोच ना आपण?"

"अहो, चॉकलेटला कसलं विरजण?"

"तुम्हाला काय कळणार? तुमच्याकडे दही डब्यातलं."

नवा डबा आला की आधी ती जुनी, पांढरट पडलेली वडी ते एकटे खात, गंभीर चेहऱ्याने. मगच नवा डबा फोडायचा. वहिनींना त्यातला तुकडाही मिळत नसे.

काही आठवड्यांनी वहिनी घर आवरायला परत आल्या. व्हिला कंपनीला परत द्यायचा होता, फ्रीजलाही गिऱ्हाईक मिळालं होतं. मी मदतीला गेलो तर फ्रीज पुसून लख्ख केलेला, आणि दारात ती एक वडी. "हिचं काय करू ते सांगा," वहिनी म्हणाल्या. "नाशकाला नेली तर वितळेल. आणि टाकली तर... मग त्यांचं इथलं सगळंच खलास."

मी नुसतंच फ्रीजचं दार लावलं. त्याच आठवड्यात मार्को आला, हातात डबा घेऊन. त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि फ्रीजकडे बोट केलं. मग हळूच म्हणाला, "ओल्ड वन?"

वहिनींनी वडी काढली, कागद सोलला आणि उभ्याउभ्याच सगळी खाल्ली. "खवट झालीय हो," असं म्हणाल्या, आणि तिथेच ओट्याला टेकून रडल्या. मार्कोही रडला. माझं राहून गेलेलं रडणंही तेव्हाच आलं, आणि ते मला आवरलं नाही.

मग वहिनींनी डोळे पुसले आणि नवा डबा फोडून आम्हाला वड्या दिल्या. उरलेल्या ताटलीत काढून घेतल्या आणि त्याच डब्यात चिवडा भरून मार्कोला दिला. चिवडा त्या नाशिकहून निघतानाच बांधून घेऊन आल्या होत्या. त्यांनी एक वडी माझ्या हातावर ठेवली. "ही तुमच्या फ्रीजमध्ये राहू दे."

आमच्याकडे अंडी खातात. बायकोने एक अंडं वाटीत काढून ठेवलं आणि त्या जागी वडी ठेवली. रोज सकाळी दूध काढताना ती दिसते. पुढच्या शटडाउनला मार्को येईल तेव्हा ती मला खावी लागेल, आणि मला चॉकलेट मुळीच आवडत नाही. परवा वहिनींना फोन करून चिवड्याची कृती विचारली.

"तुम्हाला जमायचा नाही," त्या म्हणाल्या. "चिवडा मी पाठवीन. तुम्ही विरजण सांभाळा."