तारखेला हजर

अखेर विजय सत्याचाच होतो. हे वाक्य मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं ते परतूरला, धान्याच्या मोंढ्यामागच्या एका खोलीच्या उद्घाटनात. वक्ते होते जहागीरदार वकील. त्यांचा आवाज मोठा, शाल त्याहून मोठी, आणि जिल्ह्यात कुठेही फीत कापायची असली की ते नेमके मोकळे असत. टाळ्या झाल्या. त्या विरताच मागच्या खुर्चीवरून एक बारीक, कोरडा आवाज आला, "होतो की विजय. बिलकुल होतो. तारखेला हजर राह्यलं तर."

त्या अ‍ॅडव्होकेट प्रमिलाबाई आष्टीकर. खोली त्यांनीच भाड्याने घेतली होती, संस्थाही त्यांचीच होती, आणि उद्घाटनाला भाषण नको असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते कुणी ऐकलं नव्हतं.

परतूरच्या कोर्टात त्यांनी जन्मभर वकिली केली. सुरुवातीची कितीतरी वर्षं तिथे दुसरी स्त्री वकीलच नव्हती, त्यामुळे नुसतं 'वकीलबाई' म्हटलं की भागत असे. साठी उलटल्यावर त्यांनी ठरवलं की तांड्यावरच्या, वस्त्यांवरच्या, मोहल्ल्यातल्या मुलामुलींना वकील करायचं. "ही माणसं कोर्टात दिसतात ती निस्ती बाकड्यावर," त्या म्हणायच्या. "टेबलाच्या अलीकडं कोणीच न्हाई." संस्थेची नोंदणी झाली. नोंदणीतलं नाव इतकं भारदस्त होतं की ते पाटीवर मावेना, म्हणून पाटी लावायचंच राहून गेलं. मी कॉलेजात मराठी शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. मला सचिव केलं गेलं. खुर्च्या मांडणं आणि चहा सांगणं हे या पदाचं स्वरूप होतं.

शिकवणी रविवारी असे. लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी व्हायची, पण पहिला धडा परीक्षेत कधीच न येणारा. नव्या विद्यार्थ्याला बाई पुस्तक देत नसत. कामाच्या दिवशी त्याला कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर, पक्षकारांच्या मधोमध बसवून देत. दिवसभर तिथेच बसायचं. शेजारच्या माणसाला एवढंच विचारायचं: कुठून आलात, कशानं आलात आणि आज काय झालं. संध्याकाळी मुलं येऊन सांगत. कुणी वाटूरहून जीपने आलेला, कुणी जांब समर्थकडून मोटरसायकलवर डबलसीट. आज काय झालं, याचं उत्तर मात्र बहुतेकांचं एकच असे: पुढची तारीख.

"कळलं आता वकील कशाला लागतो?" बाई विचारत. "हजर राह्याला. हुशारीचं मंग बघू."

त्यांची दुसरी खोड अशी की त्या नेहमी समोरच्याची बाजू घेत. चहा फार गोड झालाय असं कुणी म्हणालं की बाई साखरेचं वकीलपत्र घेत. मी एकदा उन्हाळ्याला नावं ठेवली. त्यांनी परतूरच्या मे महिन्याचा असा बचाव केला की उन्हाची माफी मागावी असं मला वाटू लागलं. मुलांनाही हेच. "तुझी बाजू तर तुला पाठच हाय. समोरच्याची सांग." बेकरीवाल्यांच्या इम्रानला हा खेळ फार आवडे. तो दोन्ही बाजूंनी सारखाच भांडत असे, आणि दोन्ही बाजूंनी जिंकल्याचं स्वतःच जाहीर करी.

सविता राठोडला मात्र हे जमत नव्हतं. वाटूरच्या पुढच्या तांड्यावरची ही मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार होती. पेपर अचूक सोडवी. पण वडीलधारं माणूस समोर आलं की तिच्या तोंडून एकच शब्द निघे: हो. बाईंनी मुद्दाम चुकीचं सांगितलं तरी ती हो म्हणे. बाई वैतागत. "अगं, वकिलानं न्यायाधीशाला सुद्धा न्हाई म्हणायचं असतं. अदबीनं, पण न्हाई." सविता म्हणे, "हो बाई."

ती बी. ए. झाली, प्रवेश परीक्षेतही चांगल्या गुणांनी पास झाली. संभाजीनगरच्या कॉलेजात नंबर लागला. पुढच्या रविवारी तिच्याबरोबर तिचे वडील आले. शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली, आणि दारातच उभे.

"वकीलबाई, पोरीला शिकवलं, तुमचे उपकार हायेत. पण आता बास. सोयरीक आली हाय. पोरगा जालन्याला सळईच्या कारखान्यात हाय, बराबर हाय. तीन वर्षं हिला हॉस्टेलात ठेवली तर तांड्याला मी काय सांगू?"

सविता खाली बघत होती. मी बाईंकडे पाहिलं. आता या माणसाची धडगत नाही, असं मला वाटलं.

"बराबर हाय तुमचं," बाई म्हणाल्या. "बसा. आजपासून मी तुमची वकील."

आणि त्या सवितावर उलटल्या. ही सोयरीक मोडली तर दुसरी येईल याची हमी कोण देतं? शिकून आलीस अन् काम मिळालं न्हाई तर? बापानं भावकीत तोंड कसं दाखवायचं? एकेक प्रश्न असा की मलाच ते लग्न लवकर व्हावंसं वाटू लागलं. वडील खुर्चीत चुळबुळले. "इतकं न्हाई म्हणलो मी," ते पुटपुटले.

"पक्षकारानं मधी बोलू नाही. बोल सविता. कबूल हाय का सगळं?"

ती आता हो म्हणणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा," सविता म्हणाली, अजून खाली बघतच. "बांधाची केस चालू होती तवा तुम्ही कोर्टात जायचे. दिवस बुडायला माघारी यायचे. वकील काय सांगायचा?"

"काय सांगणार? पुढची तारीख."

"का म्हणून, ते सांगायचा?"

"न्हाई."

"मंग तुम्ही काय म्हणायचे?"

"बरं म्हणायचो. काय म्हणणार?"

"मला 'का' म्हणून विचारायचंय, बाबा. ते शिकायलाच जायचंय." मग तिने मान वर केली. "बाई म्हणल्या ते मला कबूल न्हाई."

वडील बराच वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिले. शेवटी म्हणाले, "वकीलबाई, बोला की आता माझ्या बाजूनं काहीतरी."

"माझ्यापाशी काही उरलं न्हाई," बाई म्हणाल्या. "हरलो आपण."

"सोयऱ्याला काय सांगू मंग?"

"जन्मात पहिल्यांदाच कोणाला सांगून राह्यले. पुढची तारीख मागा."

वडील हसले. सवितालाही हसू आलं, पण डोळे पुसता पुसता. ती दोघं गेल्यावर मी बाईंपुढे चहा ठेवला. त्यांनी तो उचलला. मी विचारलं, "ती बोललीच नसती तर?"

"मंग मी जिंकले असते," त्या म्हणाल्या, आणि चहा न पिताच खाली ठेवला.

सविता वकील झाली. जालन्याला कामं चालवू लागली. बाईंचे गुडघे गेले, मग ऐकू येणं कमी झालं. ते मात्र त्यांना सोयीचं पडलं. समोरच्याची बाजू न ऐकताच त्या ती मांडू लागल्या. मला त्यांनी दोन-तीनदा बजावलं होतं, "मी गेले की शोकसभा घ्यालच तुम्ही, ऐकणार थोडेच. पण रविवारी घ्या. माझ्या नावानं कोणी तारीख वाढवून घेऊ नाही."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकसभा मंगळवारी ठरली, कारण प्रमुख पाहुण्यांना रविवारी लग्न होतं. सविताने बोलावं असं सगळ्यांचं मत पडलं. संस्थेच्या अध्यक्षांनी तिला फोन केला, मग मी केला.

"सर, मंगळवारी माझी तारीख हाय," ती म्हणाली. "मंठ्याच्या एक आजी हायेत. सुनेनं घराबाहेर काढलंय. पहिल्या एसटीनं येणारेत."

"अगं, पण बाईंची सभा. लोक काय म्हणतील? एखादी तारीख..."

"न्हाई, सर."

अदबीनेच म्हणाली. मी वक्त्यांच्या यादीतून तिचं नाव खोडलं.

सभा चांगली झाली. फोटोला मोठा हार होता. इम्रान बोलायला उभा राहिला आणि दोन वाक्यांत खाली बसला; आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एकही बाजू मांडता आली नाही. जहागीरदार वकील शाल सावरून अर्धा तास बोलले आणि शेवटी म्हणाले, अखेर विजय सत्याचाच होतो. मी नकळत मागच्या खुर्चीकडे पाहिलं.

संध्याकाळी सविताला फोन केला. आजी वेळेत आल्या होत्या. दोघी सकाळपासून बाकड्यावर बसून होत्या. पुकारा झाला, दोघी उभ्या राहिल्या. समोरच्या बाजूने अर्ज आला, की आमचे वकील ज्येष्ठ विधिज्ञ प्रमिलाबाई आष्टीकर यांच्या शोकसभेत भाषणासाठी गेल्यामुळे हजर राहू शकत नाहीत. अर्जावर नाव जहागीरदारांचं होतं.

सविताने हरकत घेतली. पुढची तारीख मिळाली.