वहिनीचं मनगट

वहिनी आमच्या घरात आली ती सतार घेऊनच. साल एकेचाळीस. वाईच्या एका शाळामास्तरांची ती मुलगी, नाव विनोदिनी. लग्नाच्या बोलाचालीत तिच्या वडिलांनी एवढंच मागितलं होतं, की मुलीची सतार बंद करू नका. माझा भाऊ अनंत, म्हणजे दादा, सांगलीत हळदीच्या अडतीवर कारकून होता. तो लगेच हो म्हणाला. आई म्हणाली, "घरातलं सगळं आटोपलं की वाजवू दे. माझी कुठं ना आहे?"

घरातलं सगळं म्हणजे रहाटाचं पाणी, रोजचं दळण, नदीवरचं धुणं आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक. ते आटोपायला दुपारचे दोन वाजायचे. आई जरा आडवी झाली की वहिनी माजघरात सतार घेऊन बसायची ती चारपर्यंत. मी तेव्हा दहा वर्षांची. शाळेतून आल्यावर दाराशी बसून ऐकायचे. तिची मींड मला फार आवडायची. तार पडद्यावर दाबून बाजूला खेचली की सूर असा वळत वर जायचा, की आपलाही श्वास त्याच्याबरोबर वर जाई.

तिला वाईत विष्णुपंत नावाच्या म्हाताऱ्या गुरुजींनी शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं, हात दुखायला लागला की समजावं रियाज अंगी लागतोय. वहिनीनं ते मनापासून धरलं होतं.

तिसऱ्या वर्षी एकदा ती रहाटावर पाणी ओढत असताना मी जवळ होते. घागर वर येत आली आणि तिनं एकाएकी दोर सोडून दिला. घागर धडाडत खाली गेली. वहिनी डावं मनगट उजव्या हातात धरून खाली बसली. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती.

"वहिनी, आईला बोलावू?"

"नको! वन्सं, तुम्हाला माझी शपथ आहे. सासूबाईंच्या कानावर गेलं तर सतार माळ्यावर जाईल. दळण काही माळ्यावर जाणार नाही."

मी शपथ पाळली. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या वहिनीचं गुपित माझ्यापाशी! आई देवळात गेली की मी तिला मिठाचा शेक द्यायचे, आंबेहळद उगाळून लावायचे. बांगड्या पुढं सरकवून तिनं सूज झाकली. भाकरी एका हातानं थापायला शिकली. जातं उजव्या हातानंच ओढायची. फक्त सतारीला दोन्ही हात लागत, आणि ती एक दिवस चुकवायची नाही. चुकली असती तर आईनं विचारलं असतं ना, आज का नाही वाजवलीस?

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

पंचेचाळीसच्या चैत्रात गल्लीतल्या बायकांनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वहिनीला वाजवायला बोलावलं. आईनं स्वतः तिला शालू नेसवला. पन्नासएक बायका बसल्या होत्या. सुरुवात छान झाली. मग तिनं एक लांब मींड घेतली, सूर अर्ध्यावर गेला, आणि तार हातातून सुटली. कर्कश आवाज झाला. तिनं पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तिची बोटं दांडीवर नुसती पडून राहिली. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, भीती वाटली वाटतं." वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते भीतीनं नव्हे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

दादा तिला मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी लाकडी पट्टी लावून सहा आठवडे हात बांधून ठेवला. म्हणाले, "पहिल्यांदा दुखलं तेव्हाच हात थांबवायला हवा होता. आता शिरेला आतून इजा झालीय. घरकामापुरता हात चालेल, जास्त आशा धरू नका."

पट्टी सुटली. हात चालू लागला, पण मींड खेचायला गेली की अंगठ्यातून कळ यायची. आई म्हणाली, "त्या सतारीनंच माझ्या सुनेचा हात खाल्ला." दोन वर्षं दुखणं लपवलं, हे वहिनीनं सांगितलं नाही. मीही नाही.

सतार मात्र माळ्यावर गेली नाही, कारण ती माझ्या हातात आली. साताऱ्याच्या एका घरून माझ्यासाठी विचारणा झाली होती. मी पंधराव्यात होते. मुलाचे वडील गाण्याबजावण्याचे शौकीन, हे कळल्यावर आईनं ठरवलं की माघात मुलगी दाखवायची तर ती सतार वाजवणारीच दाखवायची. वहिनीकडून मी थोडंफार शिकले होतेच. आता रोज चार तास बसायचं असा आईचा हुकूम झाला.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत माझं मनगट ठणकू लागलं. आणि मी काय करावं? मीही बांगड्या पुढं सरकवल्या. झोपताना हात उशीखाली दाबून ठेवू लागले. आईची एवढी हौस, तिला कसं सांगायचं असं वाटे. वहिनीला तर सांगवेचना.

एका दुपारी पुलापलीकडच्या सांगलवाडीची राहीबाई आली. तिच्या घरी उसाचं रान होतं आणि मुलगा आकाराम पलटणीत, परमुलखात. त्याची पत्रं वाचून घ्यायला ती वहिनीकडे यायची. पत्र वाचून झालं, वहिनी उत्तर लिहायला बसली. मी पलीकडे वाजवत होते. मध्येच तहान लागली म्हणून उठले आणि पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलला.

वहिनीचा टाक थांबला.

"वन्सं, इकडे या. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

तिनं माझ्या बांगड्या मागं सारल्या. सूज बघितली. राहीबाई उठून जवळ आली, माझा हात उलटासुलटा करून म्हणाली, "वैनी, मगापासनं बगत्या मी. ह्यो भोपळा सारखा निसटतोय. मग ही पोरगी डाव्या हातानं दांडी कवटाळून धरती. येकाच हातानं वझं बी पेलायचं आन् बोटं बी नाचवायची, कसं जमंल?"

"तुम्हाला सतारीतलं काय कळतं?" मी जरा तोऱ्यात म्हणाले.

"सतारीतलं न्हाई कळत, बाय. पर खुरप्यातलं कळतंय. खुरपं आवळून धरलं, मनगाट वाकवलं, की सांजच्याला हात सुजतोय. म्हून ढिलं धरायचं, मनगाट सरळ ठिवायचं, घडीघडीला उटून अंग मोकळं करायचं. आन् दुकाया लागलं की त्या दिशी खुरपं खाली. नव्या सुनंला आमी पैलं ह्येच सांगतो."

वहिनीनं एक फडकं भिजवून पिळून आणलं, घडी केली आणि मला बसवून भोपळ्याखाली सारलं. माझ्या उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग भोपळ्यावर टेकवला. "ह्या हाताचा भार पडू दे. आता डावा हात सोडा."

"पडेल ना, वहिनी!"

"सोडा म्हणते ना."

मी सोडला. सतार जागची हलली नाही. वहिनीनं दांडीला बोट लावून सतार हलवून पाहिली. "आठ वर्षं मी ही हातानं पेलत बसले," ती म्हणाली, "आणि मला वाटायचं, याचंच नाव रियाज."

त्याच संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, की आठ दिवस क्षमावन्सं सतारीला हात लावणार नाहीत. पुढंही अर्ध्या तासाला थांबतील, आणि दिवसाचा एक तास पुरे.

आई भाजी चिरत होती. विळी बाजूला सारून म्हणाली, "तुझा हात गेला म्हणून हिचा सूर तुला सोसेना, असंच ना?"

दादा दारात उभा होता. मला वाटलं वहिनी आता रडत आत जाईल. पण ती तिथंच उभी राहिली.

"सासूबाई, माझा हात दोन वर्षं दुखत होता. मी लपवला. तेव्हाच सांगितलं असतं तर वाचला असता. आता वन्संही लपवताहेत, माझंच बघून."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

मी होकाराची मान हलवली. आईनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती उठून देवघरात गेली आणि त्या रात्री जेवली नाही.

माघात आम्ही सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला गेलो. माझं मनगट तोवर निवळलं होतं. मी एक संथ गत वाजवली, आठ-दहा मिनिटं. मुलाचे वडील म्हणाले, "आता जरा द्रुत होऊ दे. तो शेवटचा जलद झाला ऐकवा की!" आई माझ्याकडे बघू लागली. मागून वहिनी हळू पण स्पष्ट म्हणाली, "एवढंच बसवलंय वन्संनी." पंधरा दिवसांनी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण वादनात कच्ची. योग नाही.

त्यानंतर आई वहिनीशी जवळजवळ वर्षभर कामापुरतं बोलली. शेजारणींना सांगायची, "सुनेनं लग्न मोडलं." वहिनी ऐकून घ्यायची. दादाही ऐकून घ्यायचा, याचा मला जास्त राग यायचा. मी एकदा वहिनीला म्हटलं, "तुम्ही सांगत का नाही, की माझ्यासाठी केलंत?" ती म्हणाली, "सांगितलं होतं ना एकदा. पुन्हा पुन्हा सांगून काय व्हायचंय?"

सत्तेचाळीसमध्ये तिला मुलगी झाली. डाव्या हातावर बाळाचा भार तिला पेलेना. पाजायला बसली की हात लटपटायचा. हे आईनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी उठली तर जात्यावर आई बसलेली होती. "जा, मुलीपाशी जा," एवढंच म्हणाली. त्यानंतर वहिनीला तिनं दळायला बसू दिलं नाही, पण त्या साताऱ्याच्या गोष्टीवर दोघी कधी बोलल्याही नाहीत.

माझं लग्न पुढच्या वर्षी वाईत झालं. वहिनीनं सतार मला देऊन टाकली. मी नको म्हणत होते. "घरात राहिली की माझा हात तिच्याकडे जातो," ती म्हणाली, "आणि मग दोन दिवस कणीक मळता येत नाही."

मी अजून वाजवते. मनगट दुखत नाही. झाला मात्र मला कधीच नीट साधला नाही. वहिनी माझ्याकडे आली की ऐकायला बसते, आणि लांब मींड आली की मान फिरवून खिडकीबाहेर बघते.