कुठलं पावणं?

आमच्या ऑफिसात इंटरनेटची तब्येत बघायचं काम माझ्याकडे होतं. दोन हजार सालानंतरचे दिवस. शिवाजी पेठेत गच्च्यागच्च्यांवरून वायरी गेलेल्या आणि मधे मधे घरोघरी नेट पोचवणारे आमचे डबे. मी खुर्चीत बसून कॉम्प्युटरवरून एकेका डब्याला हाक मारायचो. डब्याने ओ दिली तर ठिपका हिरवा, नाही दिली तर लाल. या कामाने माझा स्वभाव बिघडला असं बायको म्हणते. खोटं आहे, मी जन्मजात संशयी आहे.

वायरीचं काम माझ्या दाजींकडे. धाकट्या बहिणीचा नवरा. मीच त्यांना लावलं होतं आणि बहिणीचं घर त्याच नोकरीवर चाललं होतं. माझे पाहुणे म्हणून मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘पावणं’च म्हणायचे.

एका दुपारी एक अख्खी गल्ली लाल झाली. तिथला डबा एका मावशींच्या गच्चीवर होता. फोन लावला, मालक शेजारीच उभे होते.

“तुमचं पावणं येऊन गेलं की,” मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या. “तवापास्नं बंद हाय.”

मालकांनी ते ऐकलं. दुसऱ्या माणसाने गच्चीवर जाऊन बघितलं, तर वायर पक्कडीने सफाईदार कापलेली. उंदीर असं कापत नाही. कोपऱ्यावर नुकतीच दुसरी नेट कंपनी उघडली होती. मालकांनी दोन आणि दोन चार केले: दाजी तिकडे फितूर झाले. दाजी म्हणाले, मी शिरोलीला फौंड्रीतल्या वायरी बघायला गेलतो. मग फोन का उचलला नाही? “त्या आवाजात फोन ऐकू येतोय व्हय?” मालकांनी हत्यारांचा पट्टा आणि पक्कड ठेवून घेतली आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी मालकांना म्हणालो. पण खरं सांगायचं तर शंका मलाही आलीच होती. बहिणीचा फोन यायच्या आत मी मावशींच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“मावशी, दुपारी कुठलं पावणं आलतं?”

“आता मी काय नाव इचारलं व्हय? खांद्यावर वायर, हातात पक्कड. म्हटलं, या पावणं, जिना तिकडं हाय. चा बी घेतला न्हाय.”

“आमचे दाजी नेहमी येतात, ते नव्हते?”

मावशींनी मला खुळ्यात काढलं. “त्येला मी पावणं कशाला म्हणीन? त्यो घरचा हाय, बाळ म्हंती मी त्येला. पावणं म्हंजे परका माणूस. तुमी न्हाय का आत्ता आलाय, पावणं?”

मालकांना हे सांगितलं. आम्ही सोयऱ्याला पावणं म्हणत होतो आणि बाई अनोळख्याला. मालक हसले, दाजींना बोलावून पट्टा परत दिला. “मनावर घेऊ नका, पावणं,” असंही म्हणाले. दाजी हसले नाहीत. थोड्याच दिवसांत ते कोपऱ्यावरच्या कंपनीत कामाला लागले.

“बघितलंस? मी म्हणत नव्हतो?” मालक मला म्हणाले. मला दोघांचाही राग आला. मालकांचा जास्त, कारण त्यांचं म्हणणं आता खरं दिसायला लागलं होतं. बहीण राखीला आली तेव्हा दाजी आले नाहीत. मीही का म्हणून विचारलं नाही.

दिवाळीनंतर तीच गल्ली पुन्हा लाल झाली. सगळे ठिपके एकदम. मालक टेबलाशी येऊन उभे राहिले. मी फोन लावला आणि या वेळी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

“मावशी, वर कोण आलतं का?”

“आलतं की.”

“पावणं?”

“छ्या, पावणं कुठलं,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज खूश होता. “आपलं बाळ. लई दिसांनी आलं. चा घेऊन गेलं.”

“काय म्हणते?” मालकांनी विचारलं.

मी रिसीव्हर ठेवला. “उंदीर झालेत म्हणते.”