एका गिरकीचा गाऊन

सोलापूरच्या एका बायकांच्या दवाखान्यात मी शिवणकामाला लागले, तेव्हा एकोणीसशे तीस साल नुकतंच उलटलं होतं. घरी सासरे हातमागावर बसत, नवरा गिरणीत जाई, आणि मला शिवणाची आवड होती म्हणण्यापेक्षा घरात बसायची नावड जास्त होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिच्यात पायानं चालवायचं शिवणयंत्र, एक कपाट आणि मी. चादरी, उशांचे अभ्रे, बाळंतिणींचे झगे आणि डॉक्टरीणबाईंचे ऑपरेशनचे गाऊन, सगळं माझ्याच हातून जाई.

त्या गाऊनची तऱ्हा न्यारी होती. पुढून सगळा बंद, पाठीवर उघडा आणि पाठीला नाड्यांच्या तीन जोड्या. बाई कोपरापर्यंत हात घासून धुवायच्या, ड्रममधून वाफवून काढलेला गाऊन आतल्या बाजूनं धरून बाह्यांत हात घालायच्या आणि हात वर करून तशाच उभ्या राहायच्या. मग मागून कुणीतरी नाड्या बांधायच्या, आणि त्याही पुढच्या बाजूला बोट न लावता. बोट लागलं की गाऊन बाद. आमच्या आळीतल्या कुठल्याही सोवळ्यापेक्षा हे सोवळं कडक होतं. ते मोडलं तर टेबलावरच्या बाईला ताप चढायचा, आणि तो ताप कधीकधी तिला घेऊन जायचा.

नाड्या बांधायचं काम खालाचं. खाला म्हणजे दवाखान्याची म्हातारी आया. तिला सगळेच खाला म्हणत. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दवाखान्याच्या आवारातच एका खोलीत ती एकटी राहायची. नर्स एकच होती आणि ऑपरेशनच्या वेळी ती क्लोरोफॉर्म द्यायला रोग्याच्या उशाशी अडकलेली. त्यामुळे बाईंची पाठ म्हणजे खालाची जहागीर होती. त्या नाड्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

एका दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि दहाही बोटं यंत्राच्या फळीवर पसरून ठेवली. पसरून म्हणजे जेवढी पसरतील तेवढी. सांधे सुजून गोळे झाले होते. बोटं धड सरळ होत नव्हती आणि धड मिटतही नव्हती.

"मेरे से गठान नै बैठती, बेटा," ती म्हणाली. "नाडी हात में है का नै, ये बी समजता नै. किसी कू बोल नको."

"बाईंना सांगा की, खाला. औषध देतील."

"बाई कू बोली, तो मैं गई अक्कलकोट."

अक्कलकोटला तिचा भाचा होता. नातं तेवढं एकच उरलं होतं. त्याच्या घरी आश्रितासारखं जाऊन पडायचं आणि त्याच्या बायकोचा चेहरा बघत भाकरी खायची, याची तिला मरणापेक्षा जास्त भीती वाटायची. तिनं ते मला सरळ सांगितलं. मग माझ्या कपाटातल्या गाऊनांकडे हनुवटीनं खूण करून म्हणाली, "ऐसा कुछ सी, के बाई आपन होके पैन ले. बाकी सब काम मैं करती."

मला मेलीला शहाणपण फार. मी लगेच हो म्हटलं.

बाईंना मी एवढंच सांगितलं, की एकटीनं घालता येईल असा गाऊन करून बघते. त्या खूश झाल्या. पण पहिला नमुना बघून हसल्या. मी तो झबल्यासारखा डोक्यावरून घालायचा केला होता. त्या म्हणाल्या, "अगं, डोक्यावरून घातला की केस, नाक, तोंड सगळं पुसत खाली येणार. मग वाफवला कशाला?" दुसरा मी पुढून बांधायचा केला, बाराबंदीसारखा. त्यावर म्हणाल्या, "पुढे फट नको. रोग्याला लागते ती पुढचीच बाजू." बाईंचं बरोबर होतं, म्हणून मला राग जास्त आला. चार दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलत होते.

तोड सापडली ती घरात. सासऱ्यांची कंबर मागावर बसून बसून गेली होती. मागावर बसण्याआधी ते रोज कमरेला सहा हात लांब पट्टा गुंडाळून घेत. पट्टा आवळून धरायला दुसरं माणूस लागतं. पण सासऱ्यांना कुणाची मदत घेणं कमीपणाचं वाटे. ते पट्ट्याचं एक टोक खांबाच्या खुंटीला अडकवत, दुसरं पोटाशी धरत, आणि ताण देत देत स्वतःच गोल फिरत खांबापाशी येत. खांबाशी पोहोचेपर्यंत पट्टा कमरेवर चापून बसलेला असे. लग्न होऊन आल्यापासून मी हे रोज बघत होते आणि रोज मनातल्या मनात हसत होते. त्या दिवशी हसले नाही. हातातलं पीठ तसंच ठेवून उठले.

मग मी गाऊनच्या पाठीचा एक पदर चांगला रुंद कापला, इतका की तो दुसऱ्यावर चढून थेट कुशीपर्यंत यावा. त्याच्या कडेला एक लांब बंद लावला, दुसरा पुढे कुशीवर. गळ्याला नाडीच ठेवली नाही. खांद्यावर कापड जरा जास्त घेतलं, म्हणजे पदर आवळला की गळा आपोआप बसेल. बाईंनी बाह्यांत हात घालायचे, बंदाचं टोक उकळलेल्या चिमट्यात अडकवायचं, चिमटा भिंतीतल्या लोखंडी कांबेला बांधलेला, आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. पदर पाठीवरून फिरून येई. मग टोक सोडवून दुसऱ्या बंदाशी पोटावर गाठ मारायची. माझ्या खोलीत कोऱ्या कापडाच्या नमुन्यावर बाईंनी तीनदा गिरकी घेतली. तिसऱ्यांदा तर उगाचच घेतली. खाला दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा त्या दिवशी किती उजळला होता, ते मला अजून दिसतं.

खरा गाऊन शिवला आणि मग मी माती खाल्ली.

आम्ही विणकर. आमच्याकडे खळ दिल्याशिवाय कापडाला कापड म्हणत नाहीत. सुताला खळ, लुगड्याला खळ, पाहुण्याला द्यायच्या टॉवेलालासुद्धा खळ. लुळं कापड कुणाच्या हातात देणं म्हणजे आमच्यात अपमान. एवढा मन लावून केलेला गाऊन मी मऊ कसा देणार? घरी नेला, तांदळाच्या पेजेची घट्ट खळ दिली, इस्त्री फिरवली. पांढराशुभ्र, कडक, उभा केला तर उभा राहील असा. घडी घालून ड्रममध्ये भरला आणि दुसऱ्या दिवशी कौतुक बघायला ऑपरेशनच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

टेंभुर्णीकडची एक बाई अडली होती. दोन दिवस बैलगाडीतून हाल काढत तिला आणलं होतं. नर्सनं क्लोरोफॉर्म सुरू केला. बाईंनी हात धुतले, ड्रममधून गाऊन उचलला आणि झटकला. तो उलगडेना. वाफेनं खळ पुन्हा चिकट झाली होती आणि पदर पदराला भाकरीच्या पिठासारखा धरून बसला होता. बाईंनी कशाबशा बाह्या मोकळ्या केल्या, टोक चिमट्यात दिलं, गिरकी घेतली. पदर सुटला नाही, बंदच टरकन उसवला आणि जमिनीवर पडला.

"जुना गाऊन," बाई शांतपणे म्हणाल्या. "खाला, बांधा."

बाईंनी जुना गाऊन चढवला आणि खाला मागे गेली. मी दारातून तिची बोटं बघत होते. नाडी एका हातातून निसटली, तिनं पकडली, पुन्हा निसटली. टेबलावरची बाई कण्हत होती. बाईंनी मान न वळवता विचारलं, "काय झालं?" खालाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिचे हात मोकळे नव्हते.

"तू ये," बाई मला म्हणाल्या. मी गेले आणि तिन्ही गाठी मारल्या. खाला भिंतीला टेकून उभी राहिली.

ती बाई वाचली, मूलही वाचलं. संध्याकाळी बाईंनी आम्हां दोघींना व्हरांड्यात बोलावलं.

"खाला, हात केव्हापासून असे आहेत?"

"दिवाली के पैले से, बाई."

बाईंनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "मला राग नाही. पण बाळंतिणीच्या जिवाशी असं चालायचं नाही. आठ दिवस बघू. गाऊन बसला तर तुम्ही राहा, उशाशी बसा, बायका तुमच्या बोलण्यानं धीर धरतात. नाही बसला तर मला नाड्या बांधणारी दुसरी आया घ्यावी लागेल, आणि ती खोली तिला द्यावी लागेल."

खळ मी दिली होती आणि घर जाणार होतं खालाचं. मी तिथंच कबूल केलं, रडले, बाईंनी रडू दिलं. खाला मात्र मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गाऊन मी तीन पाण्यांतून काढला. नखानं कापड खरवडून बघितलं, खळ राहिली नाही ना. बंद दुहेरी शिवणीनं पक्का केला. सासऱ्यांनी ते लुळं कापड बघून तोंड वाकडं केलं. मी लक्ष दिलं नाही. आठवड्याच्या आत एक ऑपरेशन निघालं. बाईंनी गाऊन झटकला, तो अलगद सुटला. हात घातले, टोक अडकवलं, एक गिरकी, पोटावर गाठ. कुणी जवळही गेलं नाही. खाला उशाशी स्टुलावर बसली होती. टेबलावरच्या पोरीच्या कपाळावर तळवा ठेवून काहीबाही पुटपुटत होती. तळव्याला काही झालं नव्हतं.

दुपारी मी नाचतच तिच्या खोलीवर गेले. म्हटलं, "खाला, राहिलात की नाही?"

"हौ, रही," ती म्हणाली. मग तिनं दार लावून घेतलं आणि लुगड्याचा पदर बाजूला केला.

चोळीची पुढची गाठ काळी पडून दगडासारखी घट्ट झाली होती. भोवतीची कातडी लाल होऊन सोलवटली होती.

"दो जुम्मे हुए, खोली नै," ती म्हणाली. "पैनके च नहाती, पैनके च सुकाती. खोली तो बांधेगा कौन?"

या बाईच्या बोटांसाठी मी डॉक्टरीणबाईंना तीन-तीनदा गिरक्या घ्यायला लावल्या होत्या. ती स्वतः सकाळी उठून कपडे कसे घालते, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मला माझी इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

कात्री माझ्या कनवटीला असायची. मी गाठीखाली बोट घालून, कातडीला लागू न देता, ती कापली. खालानं डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

"अब मेरे कू बी एक सी दे," ती म्हणाली. "अकेली पैनने की."